ओपनबॉक्स

ओपनबॉक्स हा युनिक्ससदृश संचालन प्रणालींवरील एक्स विंडो प्रणालीसाठीचा मुक्त आणि हलका विंडो व्यवस्थापक आहे. तो जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली वितरित केला जातो. पडद्यावरील विंडोंची जागा, आकार, चौकट आणि त्यांचा वर-खाली क्रम ठरवणे एवढेच त्याचे काम आहे. पॅनेल, पार्श्वचित्र, डेस्कटॉपवरील चिन्हे किंवा फाईल व्यवस्थापक त्यात नसतात. ती कामे वेगळ्या प्रोग्रॅमकडून करून घ्यावी लागतात. त्यामुळे त्याला स्मृती कमी लागते आणि जुन्या संगणकांवरही तो चालतो.

इतिहास

ओपनबॉक्सची सुरुवात ब्लॅकबॉक्स या सी++ भाषेतील विंडो व्यवस्थापकापासून झाली. पुढे तो सी भाषेत पूर्णपणे नव्याने लिहिला गेला आणि २००३ साली आलेल्या ३.० या आवृत्तीपासून त्यात ब्लॅकबॉक्सची मूळ आज्ञावली उरली नाही. डॅना जॅन्सेन्स आणि मिकाएल मॅग्नुसन हे त्याचे प्रमुख विकासक होत. एलएक्सडीई या डेस्कटॉप वातावरणाने ओपनबॉक्सला आपला विंडो व्यवस्थापक म्हणून स्वीकारले. ३.६.१ ही आवृत्ती २०१५ साली प्रकाशित झाली.

सानुकूलन

ओपनबॉक्सच्या बहुतेक मांडण्या साध्या मजकुराच्या फाईलींत असतात. सर्व वापरकर्त्यांसाठीच्या मूळ फाईली ‘/ईटीसी/एक्सडीजी/ओपनबॉक्स’ या निर्देशिकेत असतात. त्यांची प्रत स्वतःच्या ‘.कॉन्फिग/ओपनबॉक्स’ निर्देशिकेत करून तिच्यात बदल केल्यास मूळ फाईली सुरक्षित राहतात. यांपैकी तीन फाईली महत्त्वाच्या आहेत.

• आरसी.एक्सएमएल : थीम, आभासी डेस्कटॉपांची संख्या, कळफलक व माऊसचे वर्तन आणि विशिष्ट प्रोग्रॅमसाठीचे नियम.
• मेनू.एक्सएमएल : डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी उजवी कळ दाबल्यावर उघडणारा मेनू.
• ऑटोस्टार्ट : सत्र सुरू होताना चालवायच्या आज्ञांची शेल लिपी. पॅनेल किंवा पार्श्वचित्र लावणारा प्रोग्रॅम येथूनच सुरू केला जातो. चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमच्या आज्ञेच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह द्यावे लागते; अन्यथा तो बंद होईपर्यंत पुढील ओळी खोळंबतात.

कळजोड लिहिताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि सुपर या कळींसाठी अनुक्रमे सी, ए, एस आणि डब्ल्यू ही रोमन अक्षरे वापरली जातात. उदाहरणार्थ, सुपर आणि टी या कळी एकत्र दाबल्यावर टर्मिनल उघडावयाचे असल्यास ‘डब्ल्यू-टी’ या कळजोडाला ‘एक्झिक्यूट’ ही क्रिया जोडून तिच्यात टर्मिनलची आज्ञा लिहितात. एका कळजोडाला अनेक क्रिया जोडता येतात. त्या क्रमाने पार पडतात.

विशिष्ट प्रोग्रॅमची विंडो नेहमी दुसऱ्या डेस्कटॉपवर उघडावी, किंवा ती चौकटीविना दिसावी, असे नियमही करता येतात. त्यासाठी लागणारी विंडोची ओळख ‘ओबीएक्सप्रॉप’ या साधनाने मिळते.

मेनू स्थिर असण्याचेही बंधन नाही. ‘पाइप मेनू’ या सोयीत मेनू उघडताना एखादी लिपी चालवली जाते आणि तिने दिलेल्या एक्सएमएल मजकुरातून त्या क्षणीचा मेनू तयार होतो. नुकत्याच वापरलेल्या फाईली किंवा बॅटरीची स्थिती अशा प्रकारे दाखवता येते.

फाईल हाताने बदलायची नसल्यास ‘ओबीकॉन्फ’ हे चित्रमय साधन थीम, अक्षरे, समास व डेस्कटॉपांची संख्या यांसाठी उपयोगी पडते; कळजोड मात्र आरसी.एक्सएमएलमध्येच लिहावे लागतात. बदल लागू करण्यासाठी सत्र बंद करण्याची गरज नसते. ‘ओपनबॉक्स --रीकॉन्फिगर’ ही आज्ञा पुरते. एक्सएमएलमधील एखादी खूण बंद करायची राहिल्यास फाईल नीट वाचली जात नाही, म्हणून बदलापूर्वी प्रत ठेवणे हिताचे असते.

वेलँड आणि भवितव्य

ओपनबॉक्स केवळ एक्स विंडो प्रणालीवर चालतो. लिनक्स वितरणे वेलँड या नव्या प्रोटोकॉलकडे वळू लागल्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या मांडण्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्याच्या वापरकर्त्यांपुढे उभा राहिला. ‘लॅबडब्ल्यूसी’ हा ओपनबॉक्सपासून प्रेरणा घेतलेला वेलँड संयोजक त्याला काही अंशी उत्तर देतो. तो आरसी.एक्सएमएल व मेनू.एक्सएमएल याच नावांच्या आणि बऱ्याच अंशी त्याच रचनेच्या फाईली वापरतो. २०२४ साली रास्पबेरी पाय ओएसने लॅबडब्ल्यूसी स्वीकारला. त्यामुळे ओपनबॉक्सची मांडणीपद्धती नव्या प्रणालीतही टिकून आहे.