जाळीचे मोजे विणताना

जाळीची वीण म्हणजे फार अवघड काम, असं वाटून अनेकजणी लांब राहतात. खरं तर तिचं गणित सोपं आहे. सुईवर नुसता धागा घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. वाढ आणि घट सारखी ठेवायची, बस्स!

माझी लाडकी वीण शेटलंड बेटांवरची, 'ओल्ड शेल'. १८ टाक्यांचा एक नमुना. दोन-दोन टाके एकत्र, असं तीनदा. मग धागा घेऊन एक सुलट, असं सहादा. पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. सहा वाढले, सहा घटले. हा जाळीचा फेरा चार फेऱ्यांतून एकदाच येतो. बाकीचे दोन सुलट, एक उलट. एवढ्यावर लाटा उमटतात, आणि त्या पहिल्यांदा दिसतात तेव्हा हात थांबतो!

मोज्यासाठी ७२ टाके घ्या, चार नमुने बरोबर बसतात. टाचेनंतर जाळी फक्त पावलाच्या वरच्या ३६ टाक्यांवर ठेवा. तळवा साधा सुलटच हवा. भोकं बुटात टोचतात आणि तिथलं विणकाम लवकर झिजतं. निव्वळ लोकरीपेक्षा थोडं नायलॉन मिसळलेली बारीक लोकर जास्त टिकते.

आणि दर नमुन्यानंतर सगळ्या टाक्यांतून एक वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा. चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागतं.