पॉयरो वाचावा कोणत्या क्रमाने?

अगाथा ख्रिस्ती यांच्या हर्क्युल पॉयरोच्या ३३ कादंबऱ्या १९२० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाल्या. प्रत्येकीतील गुन्हा त्याच पुस्तकात उलगडतो, त्यामुळे हाती पडेल ती आधी वाचावी, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला बव्हंशी खरा असला, तरी सर्वस्वी निर्धोक नाही.

'डम्ब विटनेस' (१९३७) या कादंबरीत पॉयरो बोलण्याच्या ओघात आपल्या चार जुन्या प्रकरणांतील खुन्यांची नावे घेऊन मोकळा होतो. त्यांत 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) मधील खुनीही आहे! जिची सारी किमया त्या एका नावात साठली आहे, ती कादंबरी मग वाचायची तरी कशासाठी? उरलेली तीन प्रकरणे 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स', 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स' यांतील. 'कार्ड्स ऑन द टेबल'पूर्वी (१९३६) 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४) वाचलेली असावी. तिचेही रहस्य तेथे जवळजवळ फुटते. बाकीच्या कादंबऱ्या खुशाल उलटसुलट वाचाव्यात.

'कर्टन' मात्र अखेरीसच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिलेले हे हस्तलिखित ख्रिस्ती यांनी जपून ठेवले होते. ते १९७५ मध्ये प्रकाशित झाले. पहिल्या कादंबरीतील स्टाइल्सचे तेच घर येथे अतिथिगृह झालेले दिसते आणि तेथे हेस्टिंग्ज आपल्या वृद्ध मित्राला भेटावयास येतो. 'स्टाइल्स' न वाचलेल्याला ते केवळ एक अतिथिगृह वाटेल.