गिटारीचा आवाज वाढतो कसा?

एखादी तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली, तर तिचा नाद चार हातांवरही नीट ऐकू येत नाही. तीच तार तंबोऱ्यावर चढविली, की सारी खोली तिच्या नादाने भरून जाते. असे का व्हावे? तार बारीक असल्यामुळे ती फारच थोडी हवा हालवू शकते. तंबोऱ्यावर मात्र तिची कंपने घोडीमधून तबलीत आणि भोपळ्यात उतरतात, आणि हे मोठे पृष्ठभाग पुष्कळ हवा हालवितात. मिरजेचे कारागीर भोपळा इतका पारखून घेतात, त्याचे कारण हेच होय. गिटारीची लाकडी पोकळ पेटीही हेच कार्य करते.

परंतु या युक्तीला मर्यादा आहे. गेल्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील वाद्यवृंदांत कर्णे आणि ढोल यांच्या गदारोळात गिटारीचा स्वर बुडून जाई. यावर उपाय म्हणून १९३१–३२ च्या सुमारास जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी एक विजेची गिटार सिद्ध केली. तिच्या पोलादी तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविलेले होते. या योजनेला ‘पिकअप’ म्हणतात. चुंबकाजवळ पोलादी तार कंप पावू लागली, की चुंबकीय क्षेत्र हालते आणि वेटोळ्यात तसाच हालणारा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर तिच्यापासून निघणारा प्रवाहही तितक्याच वेळा पुढेमागे होतो. नायलॉनच्या तारांवर मात्र हा पिकअप मुकाच राहतो, कारण नायलॉनचा चुंबकावर काहीच परिणाम होत नाही.

पिकअपमध्ये केसाहूनही बारीक तारेचे कित्येक हजार फेरे असतात. तरीही त्यापासून मिळणारा विद्युद्दाब बहुधा एका व्होल्टाच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो. एवढ्या क्षीण प्रवाहाने स्पीकरचा कागदी शंकू हालणे शक्य नाही. त्याला बळ देणारे जे साधन, त्यास वर्धक अथवा अँप्लिफायर म्हणतात.

वर्धक स्वराला बळ देतो, हे खरे. पण ते बळ तो कोठून आणतो? कालव्याच्या दरवाजाचे चक्र एक मुलगाही फिरवू शकतो. त्या चक्रामुळे पाण्याचा प्रचंड लोंढा कमीअधिक होतो; परंतु लोंढ्याचे बळ त्या मुलाचे नसून धरणातील पाण्याचे असते. वर्धकातही असेच घडते. बॅटरी म्हणजे धरण, गिटारीचा क्षीण प्रवाह म्हणजे चक्र फिरविणारा हात, आणि त्या दोहोंमधील दरवाजा म्हणजे ट्रान्झिस्टर.

पूर्वी या दरवाजाचे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत असत. ते तापून लाल होत, पुष्कळ वीज खात आणि धक्का लागताच फुटत. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यापासून पहिला ट्रान्झिस्टर तयार केला. १९५६ साली विल्यम शॉकली यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरमध्ये निर्वात पोकळी नाही, तापणारी तार नाही. प्रवाह एका घन पदार्थातूनच वाहतो. म्हणून अशा वर्धकांना ‘सॉलिड-स्टेट’ म्हणजे घनावस्थेतील वर्धक असे नाव पडले. आरंभीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने लवकर बिघडत. पुढे सिलिकॉन वापरात आले आणि हा दोष पुष्कळ अंशी दूर झाला. १९७५ साली जपानमधील रोलँड कंपनीने ‘जाझ कोरस १२०’ हा ट्रान्झिस्टरचा वर्धक बाजारात आणला. त्याच्या स्वच्छ स्वरामुळे कित्येक वादकांनी तो आवडीने स्वीकारला.

प्रत्येक गिटार-वर्धकाचे दोन भाग असतात. पहिला पूर्ववर्धक, म्हणजे प्रीअँप, आणि दुसरा शक्तिवर्धक. स्पीकर हालविण्याचे दांडगे काम शक्तिवर्धक करतो, म्हणून नवशिक्याचे सारे लक्ष त्याच्याकडेच जाते. वस्तुतः स्वर चांगला की वाईट, हे बव्हंशी पूर्ववर्धकावर ठरते. विहिरीचा झरा बारीक असताना तिच्यावर मोठी मोट लावली, तर पाण्याची पातळी झपाट्याने खाली जाते. पिकअप हा असाच बारीक झरा आहे. त्याच्याकडून जास्त प्रवाह ओढला, तर स्वर दबतो, आणि विशेषतः त्यातील वरच्या, चमकदार स्वरांशांचा लोप होतो. यास्तव पूर्ववर्धकाच्या प्रवेशद्वाराशी सुमारे १० लाख ओहम इतका मोठा रोध असावा, म्हणजे तो गिटारीकडून नाममात्रच प्रवाह घेतो. ‘फील्ड इफेक्ट’ जातीचा एकच ट्रान्झिस्टर हे काम उत्तम करतो.

असा लहानसा वर्धक घरी करता येतो. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्याची बुधवार पेठ येथील दुकानांत त्याचे सर्व भाग मिळतात. शक्तिवर्धकासाठी ‘एलएम ३८६’ नावाची आठ पायांची चिप घ्यावी. बोटाच्या पेराएवढ्या या चिपमध्ये अनेक ट्रान्झिस्टर एकत्र कोरलेले असतात. ती ९ व्होल्टांच्या बॅटरीवर चालते आणि ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे अर्धा वॅट शक्ती पुरविते. मात्र तिच्या प्रवेशद्वाराचा रोध अवघा ५० हजार ओहम असतो, म्हणून गिटार तिला सरळ न जोडता मध्ये तो फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवावा. चिप आणि स्पीकर यांच्यामध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. तो स्वराचा हालता प्रवाह जाऊ देतो आणि बॅटरीचा स्थिर प्रवाह अडवून स्पीकरचे रक्षण करतो.

ही चिप मुळात दाब २० पट वाढविते. तिच्या पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर ती तो २०० पट वाढविते. मग २० पटींवर समाधान कशाला मानावे? हिशेब करून पाहा. एका व्होल्टाच्या दहाव्या हिश्शाचे २० पट म्हणजे २ व्होल्ट. हे ठीकच आहे. परंतु २०० पट म्हणजे २० व्होल्ट, आणि बॅटरी तर ९ व्होल्टांचीच! ठेंगण्या छताच्या खोलीत उंच उडी मारणाऱ्याचे डोके जसे छताला आपटते, तसे स्वराच्या लाटांचे माथे वरच्यावर छाटले जातात आणि आवाज फाटतो. काही वादकांना असा फाटका, गुरगुरणारा स्वर हवा असतो. व्हॉल्व्हमध्ये लाटेचा माथा हळूहळू वाकतो, तर ट्रान्झिस्टरमध्ये तो एकदम कापला जातो. म्हणूनच पुष्कळांना आजही व्हॉल्व्हचा स्वर मऊ वाटतो.

जोडणी करताना घाई करू नये. प्रथम केवळ चिप आणि स्पीकर जोडावेत. डाख दिल्यावर प्रत्येक सांधा चकचकीत दिसतो की नाही, ते पाहावे. कच्चा सांधा हा बिघाडाचा पहिला धनी होय. कपॅसिटरची धन आणि ऋण टोके तपासावीत, आणि बॅटरी उलटी जोडली जाणार नाही याची दक्षता घ्यावी. मग चिपच्या प्रवेशाच्या तारेला बोट लावावे. स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज आला, म्हणजे वर्धक जिवंत आहे. घरातील विजेच्या तारांतून सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा प्रवाह वाहतो. त्याचा अंश आपल्या शरीराने टिपलेला असतो, तोच आपण ऐकतो. ही परीक्षा उतरल्यावर पूर्ववर्धक जोडावा आणि सर्वांत शेवटी गिटार.

तयार वर्धक विकत घेतानाही हेच ज्ञान उपयोगी पडते. केवळ वॅटच्या आकड्यावर भुलू नये. १० वॅटच्या वर्धकाऐवजी २० वॅटचा घेतला, तर आवाज दुप्पट होत नाही. तो किंचितच मोठा भासतो. आवाज दुप्पट भासावा, यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. उलट तोच अर्धा वॅट हाताएवढ्या स्पीकरऐवजी लाकडी पेटीत बसविलेल्या मोठ्या, चांगल्या स्पीकरला दिला, तर आवाज कितीतरी भरदार होतो. मात्र वर्धकावर जितके ओहम लिहिलेले असतील, त्याहून कमी ओहमचा स्पीकर त्याला कधीही जोडू नये. तसे केल्यास ट्रान्झिस्टरमधून अतिरिक्त प्रवाह वाहतो आणि तो तापून जळतो.

एक इशारा सदैव ध्यानात ठेवावा. ९ व्होल्टांची बॅटरी चूक पोटात घालते. भिंतीतील २३० व्होल्टांची वीज घालीत नाही, ती प्राण घेते. विजेवर चालणाऱ्या वर्धकातील मोठे कपॅसिटर बटण बंद केल्यावरही काही काळ विजेने भरलेले राहतात. म्हणून तशी पेटी मुलांनी मुळीच उघडू नये. ते जाणकाराचेच काम आहे. कानांचीही काळजी घ्यावी. ८५ डेसिबलहून मोठा आवाज दीर्घकाळ ऐकल्याने श्रवणशक्तीची हानी होते, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आपल्या हातांनी केलेल्या पेटीतून गिटारीचा पहिला स्वर उमटतो, तेव्हा होणारा आनंद विकत घेता येत नाही. पण त्या क्षणी आणखी एक गोष्ट कळून येते. वर्धक जे हाती पडेल ते मोठे करतो. त्याला चांगले-वाईट ओळखता येत नाही. तार सुरेल असेल, तर सूर मोठा होतो. ती बेसूर असेल, तर बेसूरपणाच साऱ्या घराला ऐकू जातो. म्हणून कळ फिरवून आवाज वाढविण्यापूर्वी तार सुरात लावावी, हेच शहाणपणाचे होय.