काढलेल्या स्तनाला खाज कशी सुटते?

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने स्तन काढल्यावरही अनेक स्त्रियांना तो जागेवरच असल्यासारखा वाटतो. स्तनाग्राला खाज सुटते, मुंग्या येतात, जडपणा जाणवतो, काहींना तर चक्क ठणका लागतो. खाजवायला हात जातो आणि सपाट व्रणावर टेकतो. हे घरात सांगायचं कुणाला? सांगितलं तर 'मनाचे खेळ' म्हणतात, नाहीतर कुणीतरी देवऋषाचा विषय काढतं.

वैद्यकशास्त्रात याला 'फँटम ब्रेस्ट' म्हणतात. फँटमचं भाषांतर करायला गेलं की 'भूत' हाच शब्द येतो, म्हणून वस्तीत मी ते नावच घेत नाही. 'नसांची आठवण' म्हणते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या अशाच अनुभवाला डॉ. सिलास वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये हे 'फँटम' नाव दिलं. मेंदूत शरीराच्या प्रत्येक भागाच्या स्पर्शासाठी जागा ठरलेली असते. अवयव गेला तरी ती जागा राहते. तुटलेल्या नसांची टोकं संदेश पाठवत राहतात आणि मेंदू ते जुन्याच पत्त्यावरून आले असं धरून चालतो. म्हणजे त्रास खरा आहे, बाई वेडी नाही.

काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची नस दुखावते, तो त्रास वेगळा. तिथे बधिरपणा किंवा जळजळ राहते. धुणीभांडी करणारीला, निंदायला जाणारीला त्याने मजुरी बुडते. झोप लागत नाही, ब्लाउजमध्ये रुमालाची घडी सरकेल म्हणून ती लग्नकार्याला जात नाही, नवऱ्यापासून अंग चोरते. दवाखान्याच्या कागदावर मात्र 'प्रकृती ठीक'. जगली एवढ्यावरच हिशेब संपतो, हे मला पटत नाही.

नुसती खाज किंवा मुंग्या असतील तर बहुतेकदा समजावून सांगणंच पुरतं. वेदना असेल तर ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिनसारखी नसांच्या दुखण्यावरची औषधं डॉक्टर देतात. खांद्याचे व्यायामही फिजिओथेरपिस्टकडून शिकता येतात. पण नवी गाठ, लाली किंवा हाताला सूज दिसली तर 'नसांची आठवण' म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

आपल्या भागात अशी कुणी असेल तर पुढच्या तपासणीआधी तिच्यासोबत बसून कागदावर लिहून द्या: कुठे दुखतं, कधी, किती वेळ, झोप मोडते का. ओपीडीत तिला दोनच मिनिटं मिळतात, त्यात लाज वाटली की निम्मं राहून जातं.