तड्याचं टोक

सांगली-मिरजेहून रात्री मुंबईला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसेसचे बंपर एकदा निरखून बघा. एखाद्या बंपरचा कोपरा फुटलेला असतो आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून तो बारीक तारेनं गोधडीसारखा शिवलेला असतो. मिस्त्री जाणता असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. तडा जिथं संपतो, नेमक्या त्या टोकावर एक गोल भोक असतं आणि त्यातून तार ओवलेली नसते. आधीच फुटलेल्या वस्तूला मुद्दाम आणखी एक भोक कशाला?

याचं गणित १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या केंब्रिजच्या इंजिनियरनं मांडलं. त्याच्या डोळ्यांपुढे जहाजांचे पोलादी पत्रे होते. पत्रा ओढला जात असेल आणि त्याला गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट असेल आणि ओढीला आडवं पडलेलं असेल, तर तो आणखी चढतो. लांबी रुंदीच्या दहापट असली की कडेचा ताण थेट २१ पट. आता हीच फट केसाहून अरुंद झाली तर? तडा म्हणजे हेच. बाकीचा पत्रा निवांत असतो आणि सगळा ताण एका टोकाशी येऊन साचतो. ते टोक फाटतं, पुढे सरकतं, पुन्हा फाटतं. टोकाला भोक पाडलं की अणकुचीदार टोकाला गोलाई येते, ताण पसरतो आणि तडा तिथंच थबकतो. भोक पाडून वस्तू वाचवायची! पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी थापा मारतंय असंच वाटतं.

पुढे १९२१ मध्ये ॲलन ग्रिफिथनं याहून नवल दाखवलं. हा विमानांच्या कामातला माणूस, पण प्रयोगाला घेतली काच. काच तापवून ओढली की तिचे तंतू निघतात. जाड कांडी सहज मोडते, पण तंतू जितका बारीक ओढावा तितका तो आपल्या जाडीच्या मानानं जास्त ताण सोसतो. काचेत डोळ्यांना न दिसणारे तडे जागोजाग असतात आणि तेच तिचा घात करतात. बारीक तंतूत मोठ्या तड्याला जागाच नसते. पुढे याच काचतंतूंचं कापड राळेत भिजवून घट्ट करायची युक्ती निघाली आणि बाजारात आलं फायबर. बसचे बंपर त्याचेच, पाण्याच्या टाक्या त्याच्याच आणि चाकांवरच्या घरांच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या, भिंतीही बऱ्याचदा त्याच्याच. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून या गाड्यांचं नाव आपल्याकडेही कानावर पडू लागलं आहे.

पण आत धागे, त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि वर कडक कातडं ही रचना निसर्गाला फार आधीपासून ठाऊक होती. वाळलेल्या कडू भोपळ्याची भिंत अशीच असते. आणि ती फुटली तर कशी सांधायची, याचं ज्ञान मिरजेत पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे.

तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला, भीमेच्या काठच्या शेतांतून येतो. खाण्याच्या कामाचा नाही, चवीला कडूजहर. वाळला की एवढा हलका होतो की कवेत जेमतेम मावणारं फळ दोन बोटांनी उचलावं. हे फळ पाण्यावर तरंगतं आणि आतलं बी दीर्घकाळ टिकतं. अमेरिकेतले प्राचीन भोपळे आफ्रिकेतल्या भोपळ्यांचे वंशज निघाले आणि ते अटलांटिक महासागरावर तरंगत पलीकडे पोहोचले असावेत, असं २०१४ मधल्या डीएनए अभ्यासातून पुढे आलं. ज्या कवचानं महासागर ओलांडला, त्याच जातीच्या कवचावर आपण षड्ज लावतो!

मिरजेत या कवचाला हात लागले ते शिकलगारांचे. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ही मंडळी. इंग्रजी अंमलात हत्यारांचा धंदा बसला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती. फुटलेली वाद्यं दुरुस्तीला येऊ लागली आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडू लागली. मला या इतिहासातला हा क्रम फार आवडतो. आधी दुरुस्ती, मग निर्मिती. पुढे मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ स्वतःही वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. सतारमेकर गल्ली तिथून जवळच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळा फुटतो कशानं? धक्क्यानं तर फुटतोच, शिवाय हवेनंही. पावसाळ्यात तो दमट हवा पितो आणि फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्याच्या तोंडावर चिकटवलेली लाकडी तबलीही फुगते-आकसते, पण तिचा वेग आणि दिशा वेगळी. दोघांच्या ओढाताणीत सांध्याजवळ केसासारखी रेघ उमटते आणि एखाद्या प्रवासात ती पोटापर्यंत धावते.

कारागीर आधी तारा उतरवतो. ताण काढल्याशिवाय सांधायला बसणं म्हणजे वाहत्या नळाखाली भिंत रंगवणं. मग तबली उघडतो, कारण खरं काम आतून करायचं असतं. तुकडे ज्याच्या त्या जागी बसवून बघतो. भोपळा सरळ रेषेत फुटत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची कड एकाच ठिकाणी नेमकी बसते. पूर्वी सांधायला सरस असायचा, आता बरेचदा फेव्हिकॉल. सांधा बसला की आतून सुती कापडाच्या पट्ट्या गोंदात भिजवून तड्यावर आडव्या चिकटवायच्या. इंग्लिस आणि ग्रिफिथ इथं हजर असतात, फक्त त्यांना कुणी ओळखत नाही. तडा पुढे सरकायचा तर आता त्याला कापडाचे शेकडो धागे एकेक करून तोडावे लागतील, आणि तेवढी ताकद त्याच्यात नसते. पट्टी मात्र पातळच हवी. जाड लगदा थापला तर भिंत जड होते आणि आवाज बसतो. बाहेरून उरलेली खाच भरून, घासून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा हात फिरवला की ओळखीच्या माणसालाही तडा शोधावा लागतो.

कॅरॅव्हॅनची फायबरची भिंत दुरुस्त करताना हेच सगळं होतं, फक्त सामान बदलतं. आधी टोकाला छोटं भोक. मग तड्याच्या दोन्ही कडा घासून उतार द्यायचा आणि शक्यतो मागच्या बाजूनं काचतंतूंचं कापड राळेत भिजवून लावायचं. पहिला तुकडा लहान, वरचा प्रत्येक मोठा. लोक चुकतात ते इथं: फटीवर नुसतं एम-सील नाहीतर सिलिकॉन फासतात. तडा झाकला जातो, पण खाली तो वाढतच राहतो. त्यातून पावसाचं पाणी आत झिरपतं, प्लायवूड सडतं आणि भिंत फुगल्यावर मग धावाधाव. फायबर घासताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच, त्या भुकटीची खाज दिवसभर जात नाही.

घरच्या तानपुऱ्यावर हे सगळं करून बघावं का? तडा केसाएवढा असेल, तुकडा हलत नसेल, तर करावं. तारा सैल करा, खडूची पूड चोळून टोक कुठं आहे ते शोधा, कारण डोळ्यांना दिसतो त्याहून तडा नेहमी थोडा पुढे गेलेला असतो. पातळ केलेला गोंद बोटानं दाबत टोकाच्या पलीकडेपर्यंत मुरवा, वाहिलेला लगेच पुसा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून एक दिवस तसंच ठेवा. झटपट चिकटणारे डिंक आणि एपॉक्सी वापरू नका. ते पुढे सुटत नाहीत आणि उद्या खऱ्या कारागिराला तुमचं काम आधी खरवडावं लागतं.

तबली उघडायची वेळ आली असेल तर वाद्य सरळ मिरजेला न्या. आणि भोपळ्याचे तुकडे पडले असतील तर केरात टाकू नका. अगदी नखाएवढी कपचीसुद्धा कागदात गुंडाळून वाद्याबरोबर द्या. तिच्या जागी बसेल असा दुसरा तुकडा कुणालाच बनवता येत नाही.