डबा समोर फोडायचा!

गाडीचं ऑइल घरच्या घरी बदलणं ही आपल्याकडची जुनी सवय असावी, असं आता वाटतं. तिचं वय खरं तर फार नाही. १९८५च्या आधी दुचाकी असलेल्या बहुतेक मराठी घरांत इंजिनातून काढून टाकावं असं ऑइलच नव्हतं, आणि २०१०नंतर ते काढायला जागा, वेळ आणि गरज हळूहळू उरली नाही. मधली वीस-पंचवीस वर्षं काय ती या उद्योगाची.

आधीचा काळ टू-स्ट्रोकचा. बजाजची चेतक १९७२ची. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तयार होणारी प्रिया तिच्याच घराण्यातली. कायनेटिकची लुना, राजदूत, येझदी, पुढे यामाहाची आरएक्स १००, सगळ्या याच जातीच्या. यांतल्या बहुतेकांत ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. ते पिस्टनला वंगण देऊन जळून जायचं आणि सायलेन्सरमधून निळा धूर होऊन बाहेर पडायचं. पंपावर काचेच्या नळकांड्यात टू-टी ऑइल दिसायचं. मुलगा दांडा दाबून माप टाकीत सोडणार, वरून पेट्रोल, आणि मग स्वार दोन्ही हँडल धरून स्कूटर डावी-उजवीकडे गदागदा हलवणार. प्रमाण गाडीगाडीचं वेगळं. चेतकला लिटरमागे वीसेक मिली. काटकसरी माणूस त्यातही हात आखडता घ्यायचा आणि भर घाटात इंजिन धरायचं. हौशी माणूस ‘गाडीला चांगलं’ म्हणून दोन थेंब जास्त टाकायचा आणि दर आठवड्याला प्लग काढून पॉलिशपेपरने काजळी घासत बसायचा.

रविवारची घरची मेकॅनिकी म्हणजे तेव्हा हीच होती. प्लग साफ करणं, कार्ब्युरेटरच्या जेटला फुंकर मारणं, क्लचची केबल बदलणं. चेतकच्या गिअरपेटीत पाव लिटर एसएई ३० ऑइल असायचं हे खरं, आणि भरायच्या भोकातून ते ओघळू लागलं की पुरे, इतकं त्याचं माप सोपं होतं. पण ते बदलायची आठवण कोणाला असायची? गिअर पडेनासे झाले की मेकॅनिकच विचारायचा. मोटारवाले आणि बुलेटवाले यांची गोष्ट निराळी. बुलेट पहिल्यापासून फोर-स्ट्रोक, तिच्यात इंजिनाचं ऑइल वेगळं, क्लचच्या बाजूचं वेगळं, गिअरपेटीचं वेगळं. तिचा मालक आणि मेकॅनिक यांच्यात एक घराणेशाहीच असे. सामान्य नोकरदाराला त्यात शिरकाव नव्हता.

मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. हरियाणातल्या धारुहेड्याला बनणारी, फोर-स्ट्रोक, लिटरला ऐंशीच्या गोष्टी सांगणारी. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची इंग्रजी जाहिरात गाजली. लोकांनी ती फारच मनावर घेतली. टू-स्ट्रोकवाल्याला प्रत्येक पंपावर ऑइलची आठवण व्हायची, कारण ते मागावंच लागायचं. इथे ऑइल इंजिनाच्या पोटात, लिटरभराहूनही थोडं कमी, आणि तेच तेच फिरत राहणारं. दिसत नाही, धूर नाही, तक्रार नाही. पेट्रोलबरोबर लोक तेही विसरले. एके दिवशी इंजिनाच्या डोक्यातून ‘टिक टिक’ ऐकू यायची, मेकॅनिक बोल्ट सोडायचा आणि खाली जेमतेम चहाच्या कपभर काळा चिकटा पडायचा. कॅम आणि रॉकर खाल्लेले असत. ऑइल ‘बदलायचं’ असतं हे मराठी मध्यमवर्गाला कळलं ते अशा बिलांवरून.

१९९४ला स्प्लेंडर आली आणि घरोघरी झाली. घरी ऑइल बदलणारी पिढी खरी तिच्यावर घडली, आणि त्याला कारण तिची रचना. तिला बाजारातून आणायचा कागदी फिल्टर नव्हता. आत एक जाळी आणि उजव्या झाकणामागे गरगर फिरून मळ कडेला फेकणारी एक वाटी, बस्स. ती वाटी घरी कोणी उघडत नसे. बोल्ट सोडला, जुनं काढलं, नवं ओतलं की काम संपलं.

ते काम कसं चालायचं ते जरा जवळून सांगतो, कारण आता पार्किंगमध्ये ते दिसत नाही. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवायची, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. डबल स्टँडवर घ्यायची. खाली घमेलं, आणि घरात जाऊन स्वयंपाकघरातली जुनी परात मागायची हिंमत नसेल तर मधोमध कापलेला डालड्याचा डबा. १७च्या रिंग पान्याने बोल्ट सैल करायचा आणि शेवटचे आटे बोटांनीच सोडवायचे. इथे नवखा ओळखू यायचा. बोल्ट सुटला की ऑइल सरळ खाली पडत नाही, आधी तिरकी चिळकांडी मारतं. म्हणजे घमेलं एक वीतभर पुढे हवं. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि बोल्ट घमेल्यात पडतो. तो काळ्या ऑइलमध्ये हात घालून शोधायचा. मग गाडी डावी-उजवीकडे कलती करून राहिलेलं निथळू द्यायचं, बोल्टची वायसर पुसून पाहायची, आणि बोल्ट परत लावायचा. खरी परीक्षा इथे. इंजिनाचा बाहेरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. ‘गळायला नको’ म्हणून पान्यावर जोर दिला की आटे गेलेच. मग लेथवाल्याकडे नवे आटे पाडून घ्यायला धावपळ. हाताने पूर्ण बसवायचा आणि पान्याने फक्त मनगटाचा जोर द्यायचा, हे ज्याला कळलं त्याला ऑइल बदलता आलं.

नरसाळ्याने नवं ऑइल ओतायचं, डीपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे आवळायचे नाहीत. दोन खुणांच्या मध्ये आलं की झालं.

मेकॅनिक सांगायचा दोन हजार किलोमीटरला बदला. कंपनीची पुस्तिका बहुतेक वेळा त्याहून बरंच जास्त सांगायची. पण पुस्तिका वाचतो कोण, आणि ऑइल काळं झालेलं डोळ्यांना दिसतंच की! ‘काळं म्हणजे खराब’ हा आपल्याकडचा सर्वांत टिकाऊ गैरसमज. चांगल्या ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी रसायनं असतात, म्हणून ते काळं पडतं. काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी ऑइलमध्ये तरंगत राहते. डिझेलच्या गाडीत तर नवं ऑइल काहीशे किलोमीटरांत काळं दिसायला लागतं. बोटांत घेऊन चोळून ‘यात दम राहिला नाही’ असा निकाल देणारे काका मात्र प्रत्येक कॉलनीत होते. त्यांच्या निकालावर अपील नसे.

आता मुख्य प्रश्न. लोक हे घरी का करायचे? पैसे वाचवायला नक्कीच नाही. अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून तिथला माणूस अंगणात गाडीखाली शिरतो. दर ३,००० मैलांना ऑइल बदलायचा तिकडचा जुना पाठ त्यातूनच घरगुती झाला. आपल्याकडे मेकॅनिकची मजुरी ऑइलच्या किमतीपुढे चिल्लर. आपल्याकडे हे काम घरी आलं ते संशयापोटी. सर्व्हिसिंगला टाकलेल्या गाडीत ऑइल खरंच बदललं का, की वरच्या वर थोडं ओतून बिल फाडलं? आणि बदललं असेल तर कुठलं? सुट्या ऑइलचं पिंप गॅरेजच्या कोपऱ्यात असायचं, हातपंप आणि पत्र्याचं माप घेऊन. त्यातलं काय, हे पिंपालाच ठाऊक. गॅरेजातून गाडी आणल्यावर घरच्या फाटकात डीपस्टिक काढून पाहणारा गृहस्थ मी रोज पाहत वाढलो. तो आमच्याच घरचा.

मग संशय मेकॅनिकवरून डब्यावर सरकला. नव्वदीत आयात मोकळी झाली, परदेशी नावांचे डबे दुकानांत आले, रंगीत, सीलबंद. देशी सर्वोबरोबर गल्फ, शेल. डबे आले तसे रिकाम्या डब्यांत गाळलेलं जुनं ऑइल भरून विकणारेही आले. ‘रिकामा डबा नष्ट करा’ ही डब्यावरची ओळ त्यामुळेच. जाणता ग्राहक डबा फेकायच्या आधी सुरीने फाडायचा आणि भंगारवाला तोंड वाकडं करायचा, कारण धड डब्याला भाव होता.

यातूनच आपली अस्सल देशी पद्धत निघाली, आणि माझ्या मते घरी ऑइल बदलण्यापेक्षा हीच जास्त शहाणपणाची होती. ऑइल आपलं, हात मेकॅनिकचा. ओळखीच्या दुकानातून डबा घ्यायचा, गॅरेजात जायचं, स्टूल ओढून समोर बसायचं. ‘काका, तुम्ही बसा निवांत, डबा तुमच्यासमोरच फोडतो,’ असं पोरगं आधीच म्हणायचं, कारण त्याला गिऱ्हाइकाचा स्वभाव पाठ असायचा. जुनं ऑइल गॅरेजवाल्याच्या पिंपात जायचं, आटे गेले तर जबाबदारी त्याची, आणि चहा फुकट.

या काळात डब्यावरची अक्षरं वाचायला शिकणं हाही एक उद्योग होऊन बसला. २०डब्ल्यू-४० का १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएफ का एसएल. पण सर्वांत मोठा घोटाळा मोटारीचं ऑइल दुचाकीत टाकणाऱ्यांनी केला. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लचच्या प्लेटांवर बसली की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी चढ चढत नाही. यासाठी जपानी जासो संस्थेने १९९८मध्ये दुचाकीच्या ऑइलची वेगळी वर्गवारी आणली: बुडालेल्या क्लचसाठी एमए, इतरांसाठी एमबी. २००१च्या अ‍ॅक्टिवाने घरोघरच्या बायकामुलींच्या हाती फोर-स्ट्रोक स्कूटर दिली. तिचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. शिवाय तिच्या मागच्या चाकाजवळ शंभर-सव्वाशे मिली गिअर ऑइल वेगळं असतं, जे गॅरेजवाले आजही हटकून विसरतात. विचारून घ्यावं.

मोटारीचं ऑइल घरी बदलणारे थोडेच. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली, आणि तिच्याखाली शिरायचं तर जॅक, खाली लाकडी ठोकळे आणि बायकोचा विश्वास तिन्ही लागायचे. फिल्टर हाताला सुटत नसे. पट्टीचा पाना नसलेले त्यातून स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचे. इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला म्हणायचा ‘चेंबर’ हा शब्द मात्र मोटारवाल्यांनी सगळ्यांना शिकवला. घाटातल्या दगडावर किंवा गावच्या स्पीडब्रेकरवर चेंबर फुटून सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं, ही कथा ज्याच्याकडे नाही असा जुना मोटारवाला सापडायचा नाही.

काढलेल्या काळ्या ऑइलचं काय व्हायचं, याबद्दल फार कोणी अपराधी वाटून घेतलं नाही. गावाकडे ते वाया जातच नसे. माळवदाच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून, शेताच्या फाटकाच्या बिजागरीला, बैलगाडीच्या आसाला, बांधकामावर सेंट्रिंगच्या पाट्यांना. शहरात ते गटारात जायचं, हे लिहायलाच हवं. वापरलेलं ऑइल कातडीला आणि पाण्याला घातक असतं, एवढं तेव्हाही माहीत होतं. पण काम झाल्यावर हात डिटर्जंट आणि वाळूने घासले की प्रकरण मिटलं, असाच हिशेब होता. आता १ एप्रिल २०२४पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने उत्पादक आणि आयातदारांवर आली आहे. कागदावर साखळी उभी राहिली. घरात बसून एक लिटर जुनं ऑइल काढलं तर ते नेऊन द्यायचं कुठे, याचं सोपं उत्तर गल्लीतल्या गॅरेजचं पिंप हेच राहिलं आहे.

उतरण कशी लागली? आधी वॉरंटीने. बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली, ही धास्ती शोरूमने अशी काही पेरली की लोक फ्री सर्व्हिसच्या कुपनांपुढे मान तुकवू लागले. २०१४च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या मक्तेदारीवरून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला आणि स्वतंत्र गॅरेजची बाजू उचलून धरली. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. धास्ती मात्र जिथल्या तिथे. मग सिंथेटिक ऑइल आलं आणि मोटारींचा अवधी १०,००० किलोमीटर किंवा वर्ष असा लांबला. वर्षातून एकदाच करायच्या कामाचा हात बसत नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं. डिझेल मोटारींत काजळी गाळणारे फिल्टर आले, त्यांना कमी राखेचं ऑइलच लागतं. ‘कुठलंही चांगलं ऑइल’ टाकायची सोय तिथे संपली. आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशा! तिथे ऑइलचा एक थेंब सांडला तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आधी पडतो, चिंधी नंतर मिळते.

हौशी माणसं आहेतच. डीपस्टिकच्या नळीतून जुनं ऑइल ओढून घेणारे हातपंप आता घरपोच येतात आणि बोल्टला हातही न लावता काम होतं, जरी तळाचा गाळ थोडा आतच राहतो. मराठी यूट्यूबवर स्प्लेंडरचं ऑइल बदलून दाखवणाऱ्यांची कमी नाही. आता चेतक पुन्हा आली आहे, बॅटरीवर. पण रस्त्यावर पेट्रोलच्या स्प्लेंडरी आणि अ‍ॅक्टिवा अजून इतक्या आहेत की कोपऱ्यावरच्या गॅरेजचं पिंप महिन्याला भरतंच. माझ्या गाडीचा डबा मी अजूनही दुकानातून स्वतः नेतो. पोरगं बदललं आहे, स्टूल प्लास्टिकचं झालं आहे, आणि परवा त्याने डबा फोडायच्या आधी मोबाइलने झाकणावरचा कोड स्कॅन करून मला दाखवला. अस्सल निघाला. मी तरी समोरच बसून राहिलो.