पडद्यावरचा फड, यात्रेतली गाणी
(लेखमाला : भाग सातवा)

सप्टेंबर १९९६मध्ये जपानात 'मोंताज' नावाचा अल्बम आला आणि तिथल्या 'ओरिकॉन' या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. त्यावर बँडचं नाव छापलं होतं 'येन टाऊन बँड'. हा बँड जन्मला होता तो एका चित्रपटाच्या पटकथेत.

शुंजी इवाई यांच्या 'स्वॅलोटेल बटरफ्लाय'मध्ये येन कमवायला आलेल्या परदेशी लोकांची एक गरीब वस्ती आहे. एका मेलेल्या माणसाच्या पोटात कॅसेट सापडते आणि तिच्यात खोट्या नोटांची किल्ली दडलेली असते. त्या पैशातून वस्तीतली माणसं क्लब उघडतात. तिथे गाणारी ग्लिको साकारली चारा या गायिकेने. ती मुळातच नावाजलेली गायिका, त्यामुळे पडद्यावरचा चेहरा आणि अल्बममधला आवाज एकाच बाईचा. संगीत ताकेशी कोबायाशी यांचं. लोकांनी या काल्पनिक बँडवर इतकं प्रेम केलं, की २०१५ साली निइगाता भागातल्या कला महोत्सवात तो खरोखरच्या रंगमंचावर उभा राहिला.

शिराळ्याच्या वाचकाला यात फार नवल वाटू नये. वारणाकाठच्या यात्रांत कनातीच्या आत जी गाणी शिट्ट्या घेतात, त्यांतली कितीतरी अशाच कधी नसलेल्या फडांची आहेत.

'नटरंग' १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी तो केला. त्यातला गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा शेतमजूर. त्याला तमाशाचं वेड लागतं आणि तो फड उभा करतो. नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही, तेव्हा पीळदार शरीर वाळवून तो स्वतःच नाच्या होतो. हा फड कुठल्या यात्रेत कधी उतरला नाही, की कुठल्या गावाने त्याला कधी सुपारी दिली नाही. पण अजय-अतुल यांचं संगीत आणि गुरू ठाकूर यांचे शब्द यांनी त्याची गाणी महाराष्ट्रभर नेली. 'अप्सरा आली' लग्नाच्या वरातीत वाजलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजलं, गणपतीपुढे वाजलं.

आणि तमाशातही वाजलं. खरी गंमत इथे आहे.

तमाशाचा क्रम गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतो. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. रंगबाजीत लावण्यांच्या जोडीला चित्रपटातली गाणी केव्हाच शिरली होती. 'नटरंग'नंतर खऱ्या फडातल्या खऱ्या कलावतींना पडद्यावरच्या फडाची गाणी सादर करावी लागली, कारण पुढे बसलेलं पब्लिक तीच मागत होतं. खऱ्या फडांकडे पाहून सिनेमाने खोटा फड रचला आणि त्या खोट्याची गाणी पुन्हा खऱ्याच्या बोर्डावर आली. जपानात बँडचं नाव अल्बमवर मिरवलं. आपल्याकडे गुणाच्या फडाचं नाव कुणी मिरवलं नाही. पार्श्वगायनाची पद्धत असल्याने पडद्यावर सोनाली कुलकर्णी आणि आवाज बेला शेंडे यांचा, मग 'फड' म्हणून बोट कुणाकडे दाखवणार? लोकांच्या लेखी ती गाणी अजय-अतुलची झाली.

ही वाट जुनी आहे. १९७२च्या 'पिंजरा'तला चंद्रकलेचा फडही काल्पनिकच. मूळ गोष्ट जर्मनीतल्या एका मास्तराची आणि नाचगाण्याच्या बाईची. व्ही. शांताराम यांनी ती तमाशात आणली आणि राम कदम, जगदीश खेबुडकर यांच्या गाण्यांनी ती इतकी मराठी झाली, की तिचं परदेशी कूळ कुणाच्या ध्यानातही येत नाही. संध्याबाईंच्या चंद्रकलेला आवाज दिला उषा मंगेशकरांनी.

शिराळ्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र 'वैजयंता'चं. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरी, नायिका तमाशातली. १९६१ साली तिच्यावर चित्रपट आला, त्यात जयश्री गडकर होत्या. अण्णा भाऊंना हा फड कल्पनेने रंगवावा लागला नाही. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात त्यांनी स्वतः काम केलं होतं. रात्रभर नाचून पहाटे पुढच्या गावाची वाट धरणाऱ्या बायांचं जिणं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून वैजयंता कागदावरची असूनही खोटी वाटत नाही.

याच वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. कुलकर्ण्यांच्या घरातला हा माणूस जातीची वेस ओलांडून तमाशात गेला आणि पवळाबाईंच्या साथीने त्याने फड गाजवला. मिरजेकडे कवलापूरला काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी झाली. त्यांच्या 'जहरी प्याला' वगाची आठवण जुनी माणसं अजून काढतात. सिनेमाने पडद्यावर जे जे फड रचले, त्यांचं मूळ भांडवल या माणसांचं आहे.

सिनेमाची गाणी तमाशात येऊ नयेत, असं म्हणण्यात अर्थ नाही. फडाला गल्ला लागतो, आणि गाणी खरोखर चांगली आहेत. पण गाण्यांच्या फर्माइशीत वग आखडत जातो, हे मात्र वाईट आहे. संवाद, सोंगाड्याचा हजरजबाबीपणा आणि गोष्ट हे तमाशाचं स्वतःचं धन, आणि ते वगातच असतं. जपानचा काल्पनिक बँड पुन्हा उभा करायला चारा आणि कोबायाशी हजर होते. वग सांगणारे कलावंत हातचे गेले, तर तो कुठल्या ध्वनिमुद्रिकेवरून परत उभा करता येणार नाही.

तेव्हा शिराळा-वाळव्यातल्या यात्रा कमिट्यांना एवढीच विनंती. यंदा फडाला सुपारी देताना रंगबाजीची गाणी जरूर सांगा, पण त्याच बैठकीत वग पूर्ण हवा, हेही ठरवून घ्या, आणि तो संपेपर्यंत कनातीतून उठू नका.